दोन पाटे कमी

आमच्या रस्त्यावर तिला सगळे कमानवाली म्हणायचे. तिच्या दुकानासमोर माझं लेथचं दुकान. मधे एक ट्रक कसाबसा वळेल एवढा रस्ता. त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य मी दारात उभा राहून पाहिलंय म्हटलं तरी चालेल.

ट्रक-टेम्पोच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, सगळ्यात लांब पट्टी वर आणि खाली एकेक आखूड होत गेलेली. ती कमान. तिच्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. हे काम तिच्या वडिलांचं. ते शिकवायला निघाले होते थोरल्या मुलाला. पाचव्याच दिवशी एक कमान सोडताना उसळली आणि वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुलाने ते समोर पाहिलं आणि दुकानाची पायरी सोडली ती सोडलीच. धाकटी मुलगी त्याच आठवड्यात डबा घेऊन आली. वडील एका हाताने पान्याशी झटापट करत होते. तिने डबा फळीवर ठेवला आणि पान्याचं दुसरं टोक धरलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आज पंचेचाळीसची आहे. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "काका, माझ्या हातांना ग्रीसचा वास येतो. तो चालणारा कुणी असेल तर पाठवा." मी कुणी पाठवला नाही. मला वाटतं तिलाही ते बरंच वाटलं.

गाडी दारात आली की ड्रायव्हर बोलत राहायचा आणि ही मागे जाऊन उकिडवी बसायची. टायर, कमान, कमान पार दबली की गाडी ज्यावर आपटते ते रबर, सगळं शांतपणे बघून घ्यायची. मग उठून विचारायची, "किती भरता?" लोक खोटं सांगायचे आणि तिला ते कळायचं, कारण गाडीचं बूड किती बसलंय ते समोर दिसत असायचं.

त्या दिवशी सकाळी तिचा भाऊ पिकअप घेऊन आला तेव्हाही ती तशीच बसली.

गाडी जुनीच होती, पण कुणीतरी ती दोन विती उंच करून दिली होती. चाकंही मोठी घातलेली. भाऊ दार उघडून खाली उतरला तो जवळजवळ उडी मारूनच. तो वरच्या डोंगरावर नव्या इमारतींच्या कामांना पाणी पोचवायचा. मागच्या हौद्यात प्लास्टिकची मोठी टाकी आणि केबिनमध्ये शेजारी बायको, अशा त्याच्या दिवसाला चार-पाच खेपा व्हायच्या. बायको पाण्याची नळी धरायची, हा पंप चालवायचा.

"शिडी आणू का दादा?" बहिणीने विचारलं.

"हस तू. वर रस्ता कसला आहे बघितलास का? दगडं लागतात खाली. पण मागून बसायला लागलीय. पुढचे दिवे आभाळात जातात. चांगल्या जाड कमानी टाक आणि शॉकअप बदल. मला ती मागून ताठ पाहिजे."

"किती भरतोस?"

"एक टाकी. तीही कधी अर्धीच."

तिने गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, चाकं काढली. थोड्या वेळाने मला हाक आली. पलीकडे गेलो तर ती कमानीखाली बोट दाखवत होती. कमान आणि मागच्या दोन चाकांना जोडणारी अॅक्सलची नळी यांच्या मधे लोखंडाचे ठोकळे होते, एकावर एक दोन. गाडी उंच झाली होती ती अशी.

"हा खालचा तुमच्या हातचा आहे ना काका?"

माझाच होता. चार महिन्यांपूर्वी भाऊ माप घेऊन आला होता. कशाला पाहिजे म्हणून मी विचारलंही नव्हतं. लेथवर रोज दहा वस्तू होतात, कुठली कुठे जाते कोण बघतो! पण ठोकळ्यावर ठोकळा चढवायचा नसतो हे मलाही माहीत होतं. मी नुसती मान हलवली. ती परत नट सोडवायला लागली, आणि ते मला जास्त लागलं.

एका कमानीचा तिसरा पाटा तुटलेला निघाला. धक्के जिरवणारे शॉकअप आखूड पडलेले, गाडी उंच झाल्यावर पूर्ण ताणून लोंबत होते आणि त्यांतलं तेल गळून गेलं होतं. तिने ठोकळे भंगारात फेकले. आठ पाट्यांच्या, जास्त बाक दिलेल्या नव्या कमानी बांधल्या, लांब शॉकअप लावले, कमानीच्या टोकांत बसणारे बुश मी करून दिले. संध्याकाळच्या आत गाडी जमिनीवर आली तेव्हा मागून अशी ताठ उभी होती की भाऊ तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला.

"दादा, नीट ऐक," ती हात पुसत म्हणाली. "मी कमान बदललीय, गाडी बदललेली नाही. ब्रेक तेच आहेत, अॅक्सलची नळी तीच आहे. एकच टाकी. आणि पंधरा दिवसांनी बोल्ट आवळायला आण."

"हो गं बाई, हो."

आठ-दहा दिवसांनी दुपारी तिची वहिनी आली. एकटीच, पायी. मी तिथेच होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

"वन्सं, काम फार छान झालं म्हणतात हे. गाडी आता वाकतच नाही." ती हसली, पण हसणं ओठांपुरतंच होतं. "म्हणून दुसरी टाकी बसवलीय."

कमानवालीच्या हातातला पाना होता तिथेच थांबला.

"दोन्ही भरून?"

"काठोकाठ. चढावर पुढची चाकं हलकी होतात असं वाटतं. स्टिअरिंग नुसतं फिरतं. पाणी मागे डुचमळतं, मग गाडी एक हेलकावा देते. उतरताना चाकांतून जळका वास येतो. आणि वन्सं, ते वरून तिसरं वळण आहे ना, तिथे खालून कट्ट करून आवाज येतो. रोज. त्याच जागी. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, नव्या कमानी आहेत, आवाज करणारच. करतात का हो नव्या कमानी आवाज?"

"तुम्ही खेपेला जाऊ नका वहिनी."

"मग नळी कोण धरणार?"

ती गेल्यावर कमानवालीने पाना बाकावर ठेवला. मग म्हणाली, "काका, आधी गाडी बसायची. बसत होती म्हणून तो घाबरून कमी भरायचा. ती भीती मीच काढून टाकली."

त्यानंतर तिला एक छंदच लागला. पिकअप आमच्या रस्त्याने डोंगराकडे जायची. लांबून आवाज आला की ही हातातलं काम टाकून दारात यायची. मीही यायचो. दोन काळ्या टाक्या, मधे दोरखंड, वर झाकणातून उसळणारं पाणी. बूड ताठच्या ताठ. फक्त टायर बघितले तर कळायचं, खालून फुगून रस्त्यावर पसरलेले असायचे. गाडी गेल्यावर डांबरावर ओली रेघ उरायची. ती सरळ नसायची, या बाजूला त्या बाजूला झोके घेत गेलेली असायची. ती त्या रेघेकडे बघत उभी राहायची, वाळेपर्यंत.

तिने भावाला फोन केले. तो उचलेना. शेवटी एकदा रस्त्यात आडवी उभी राहून तिने गाडी थांबवली. तो वरूनच, काचेतून बोलला.

"तुला काय वाटतं, गाडीतलं सगळं तुलाच कळतं? बाबांनी दुकान तुला दिलं, मी एका शब्दाने बोललो नाही. आता माझ्या धंद्यात नाक खुपसू नकोस."

"वहिनीला तरी उतरव."

"बाजूला हो."

शेजारी बसलेली वहिनी समोर बघत होती. तिने दाराची कडी घट्ट धरलेली मला दिसली.

पंधरा दिवस झाल्यावर तो बोल्ट आवळून घ्यायला मात्र आला. चावी बाकावर टाकली. "पंपाचं सामान घेऊन दीड-दोन तासांत येतो," एवढं सांगून गेला. तो कोपऱ्यावरून वळला तशी कमानवाली माझ्याकडे आली.

"काका, कमान दाबून धरायचा शिकंजा घेऊन या. आणि कमान बांधायच्या यू-बोल्टना अजून अर्धा इंच आटे पाडून द्या."

"कशाला?"

"दोन-दोन पाटे काढतेय. आठाचे सहा. दोन टाक्या भरल्या की गाडी पहिल्यासारखी बसेल. बसली की त्याला कळेल."

"त्याला सांगून कर."

"सांगून झालंय ना!"

अठ्ठावीस वर्षांत तिने कुणाच्या गाडीचा नटसुद्धा न सांगता बदललेला मी पाहिला नव्हता. पण त्या दिवशी मी अडवलं नाही. लेथ चालू करून आटे पाडले, शिकंजा धरला. दोघांनी घाईघाईने काम उरकलं, एक डोळा रस्त्यावर ठेवूनच. एरवी ती आधी तारेच्या ब्रशने सगळा चिखल काढायची, कापडाने पुसायची आणि मगच पाना लावायची. त्या दिवशी अॅक्सलवरचा वाळलेला चिखल तसाच राहिला. काढलेले पाटे आम्ही माझ्या दुकानात पत्र्यामागे टाकले. रिकाम्या गाडीत फरक बोटभर, भावाच्या लक्षातही आला नाही. चावी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. भावाचा ओरडा मला रस्त्यापलीकडे ऐकू आला.

"काय करून ठेवलंयस? गाडी पार रबरावर बसलीय! डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे मी!"

"एका टाकीचं पाणी सोडून दे. मग जा."

तो बराच बोलला, बहिणीला बोलू नये असंही बोलला. पण टाकी त्याला सोडावीच लागली. फोन ठेवल्यावर ती बाकावर बसली आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायली.

तासाभराने परत फोन आला. या वेळी वहिनीचा होता.

मी माझी स्कूटर काढली. डोंगराचा रस्ता चढेपर्यंत ती मागे बसून एकच वाक्य दोन-तीनदा म्हणाली, "तिसरं वळण, वरून." आणि तिथेच होती गाडी. वर पाणी सोडून रिकामी परत उतरताना मागच्या अॅक्सलची नळी मोडली होती. डावं चाक फाकलं आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात कलंडली. दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता. खाली बघवत नव्हतं.

भावाचा खांदा मोडला होता. वहिनीचं कपाळ फुटलं होतं. ती दगडावर बसून पदराने रक्त दाबत होती आणि सारखं म्हणत होती, "रिकामी होती हो वन्सं, रिकामी होती."

दोघांना मिळेल त्या गाडीने दवाखान्यात पाठवल्यावर कमानवाली मोडलेल्या नळीपाशी उकिडवी बसली. मीही वाकलो. आम्हा दोघांनाही मोडलेलं लोखंड वाचता येतं. तीन हिस्से भाग काळा-तांबडा पडलेला होता, म्हणजे तडा जुना, गंज चढलेला. उरलेला एक हिस्सा चकाकत होता. तेवढंच त्या दिवशी तुटलं होतं. तडा कमानीच्या बैठकीपासून बोटभर आत होता, ज्या जागी आदल्या दिवशी तिचे हात होते. वरून वाळलेला चिखल अजून तसाच होता.

"ब्रश फिरवला असता तर दिसला असता," ती म्हणाली.

"अगं, पण वर चढताना मोडली असती तर? दोन भरलेल्या टाक्या घेऊन? तू पाटे काढलेस म्हणून..."

"आणि गाडी रबरावर आपटली की मार थेट नळीला बसतो, हे विसरलात का? पायथ्यापर्यंत दोन्ही टाक्या घेऊनच गेला होता तो." तिने हात मातीला पुसले. "मी त्याला वाचवलं का नळी मोडायला हातभार लावला, हे तुम्ही सांगू शकता का काका? मला नाही सांगता येत."

मी स्कूटर चालू केली.

गाडी भावाने दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने पाटे मोजले. हात गळ्यात अडकवून भाऊ आमच्या रस्त्यावर आला आणि चार लोकांत उभा राहून म्हणाला, "सख्ख्या बहिणीने मारायला घेतलं होतं मला." ती नाही म्हणाली नाही आणि कारणही सांगितलं नाही. मी पुढे होऊन गंजाचं सांगायला लागलो, ठोकळा माझा होता, पाटे काढताना शिकंजा मी धरला होता, सगळंच सांगायला लागलो. तो म्हणाला, "तुम्ही तिचेच." त्यानंतर तिच्याकडच्या गाड्या निम्म्यावर आल्या. न विचारता सामान काढणाऱ्या बाईकडे कोण गाडी सोडणार?

वहिनी मात्र येत राहिली. कपाळावरचा व्रण केसांनी झाकून यायची. तिनेच महिन्याभराने सांगितलं की नळीला वेल्डिंग करून, वरून काळा रंग मारून गाडी विकली. कमानी परत आठ पाट्यांच्या करून. गाडी ताठ दिसली की गिऱ्हाईक लवकर मिळतं, असं कुणीतरी सुचवलं होतं.

"कुणाला विकली?"

"नाही माहीत. लांबचं कुणीतरी आहे. दलाल घेऊन गेला."

कमानवाली दुकान बंद करून तीन दिवस दलालांच्या मागे फिरली. दुपारी दुकान बंद असं मी कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी एका कागदावर नंबर घेऊन ती माझ्याकडे आली आणि माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे एक बाई होती. मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता.

"तुम्ही घेतलेली पिकअप, उंच केलेली," ही म्हणाली, "तिच्या मागच्या अॅक्सलच्या नळीला जोड आहे. रंगाखाली आहे, दिसणार नाही. वजन घालू नका. आधी नळी बदलून घ्या."

"तुम्ही कोण?"

"मी तिच्या कमानी बांधल्या होत्या."

पलीकडे मुलांना गप्प बसवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, "आमची गाडी छान चालतेय. मागून जरासुद्धा बसत नाही," आणि फोन ठेवला.

तिने परत लावला. परत परत लावला. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर लागेनासाच झाला.