टिटवीभोवतीचं वर्तुळ

वैशाखातल्या भर दुपारी, नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानाच्या बांधावर उभं राहिलं की ढेकळांच्या भेगांतून एक तापट, किंचित कडवट गंध वर येतो. आणि त्या गंधाच्या पाठोपाठ, तापलेल्या आभाळाला कुणी टोचावं तशी टिटवीची हाक येते. तीक्ष्ण, उतावीळ, काळजीनं काठोकाठ भरलेली! लोक तिला अशुभ म्हणतात. मला विचाराल तर घराबाहेर गेलेल्या पोरांना हाका मारणाऱ्या कुठल्याही आईच्या आवाजाहून ती वेगळी नाही. पण माझं मत फारसं मनावर घेऊ नका. आमच्या घरात मी गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि माझी बायको पाहुण्यांना आधीच बजावून ठेवते, की यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं. आज जे सांगणार आहे, त्यातलं मात्र काहीच सोडून देऊ नका.

देवगाव रंगारीच्या अलीकडे माझं आजोळ. तिथले कडूबामामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. पाच एकर रान, डोक्यावर मळकं मुंडासं, आणि चालताना नजर कायम जमिनीवर. जणू काही हरवलंय आणि ते सापडल्याशिवाय माणूस घरी जायचाच नाही. हरवलेलं काही नव्हतं. ते टिटव्यांची अंडी शोधत. ही पाखरं घरटं म्हणून बांधतच नाहीत. उघड्या रानात चार खडे सारून एक खळगा करायचा आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी घालायची, एवढाच त्यांचा संसार! बैलांच्या काळात औत हाकणारा खळगा दिसला की तेवढा तुकडा सोडून पुढं जाई. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की त्या साली पाऊस लई, असा जुन्या माणसांचा हिशेब. म्हणून तिच्या खळग्याला मान होता. मग ट्रॅक्टर आले. उंच सीटवर बसलेल्या माणसाला खाली काय दिसणार?

म्हणून मामा आणि त्यांचे पाचजण उन्हाळाभर ट्रॅक्टरच्या पुढून चालत. पाझर तलावालगतचं सगळं रान त्यांनी आपसात वाटून घेतलेलं. गाव त्यांना ‘टिटवीवाले’ म्हणे, आणि ते कौतुकानं नव्हे. “कडूबा, पाखरांच्या बाळंतपणाला सुईण म्हणून लागला का रं?” असं पारावरून कुणी ओरडलं की मामा वळूनही न बघता म्हणत, “व्हय, तुझ्या येळंला बी मीच व्हतो.”

त्यांची खूण करायची रीत मोठी मजेशीर. खळगा सापडला की त्याच्यापासून मोजून दहा पावलं उगवतीला जायचं आणि तिथं एका दगडावर दुसरा लहान दगड ठेवायचा. बस्स! सिल्लोडचे शरीफचाचा आमच्याकडं भाड्यानं ट्रॅक्टर घेऊन येत. त्यांना हे गणित ठाऊक होतं. दगडावर दगड दिसला की ते मावळतीकडची दहा पावलं नांगर उचलून धरत. मी एकदा विचारलं होतं, की मामा, खूण खळग्यापाशीच का नाही? ते म्हणाले, “भाच्या, खूण माणसाला कळावी, कावळ्याला नाय.” मी मान डोलावली. पंचविशीतली मान ती. डोलायची खूप, आत शिरायचं कमी.

तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो, बजाजनगरात खोली घेऊन राहत होतो, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना शिस्त लावण्याचा मक्ता आपल्याकडंच आलाय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शहरातली काही निसर्गप्रेमी मंडळी दरवर्षी रानासाठी झटणाऱ्यांचा सत्कार करत. मीच सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून पाठवला, आणि मामांसकट सहाही जणांना बोलावणं आलं. मामा लाजले; पण ‘नाय’ काही म्हणाले नाहीत. मामीनं धोतर निळीत घातलं. सगळं जुळून आलं, फक्त एक सोडून: शरीफचाचांचा ट्रॅक्टर नेमका त्याच दिवशी मिळणार होता, आणि पुढं पंधरा दिवस त्यांना उसंत नव्हती. रानात तेव्हा पाच खळगे होते.

“तुम्ही निर्धास्त जा मामा, मी आहे की!” हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, की आजही ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मामांनी मला पाचही खळगे दाखवले, जोडदगड दाखवले, आणि जीपमध्ये चढताना दोनदा मागं वळून पाहिलं.

जीप धुळीत दिसेनाशी झाली आणि माझ्यातला कारखाना जागा झाला. आमच्याकडं प्रत्येक यंत्राभोवती जमिनीवर ठळक पिवळी रेघ असते. कुणी चुकूनही आत पाय ठेवू नये म्हणून. इथं यंत्राहून मोलाची वस्तू, आणि खूण काय, तर दहा पावलांवरचे दोन दगड! घर रंगवून उरलेला चुना पडवीत होता. मी तो घमेल्यात घेतला आणि पाचही खळग्यांभोवती अशी देखणी पांढरीशुभ्र वर्तुळं आखली, की माझं मलाच भरून आलं. शरीफचाचांनी ट्रॅक्टर थांबवून पाहिलं आणि हसले. “क्या भाचेसाब, रांगोळी काढी का? मेरा काम तो आसान कर दिये तुम.” आणि खरोखरच, अकराच्या आत रान नांगरून झालं, एकाही वर्तुळाला फाळाचा स्पर्श नाही. चाचा गेले. मी लिंबाखाली भाकरी खाल्ली आणि कृतकृत्य होऊन आडवा झालो. झोपेत टिटव्यांचा कल्लोळ ऐकू येत होता. सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, आभार मानताहेत!

जागा झालो तेव्हा रानात कावळे होते. काळ्या जमिनीवर पांढऱ्या पत्रावळी मांडून मीच त्यांना पंगतीला बोलावलं होतं. चार वर्तुळांत नुसती टरफलं. पाचव्यातली अंडी शाबूत होती, पण त्या पांढऱ्या रेघेला भिऊन टिटवी आत पाऊल टाकेना. कडेकडेनं धावायची, ओरडायची, परत फिरायची. आणि वरून ऊन असं, की उघड्यावरची अंडी तासाभरात शिजावीत. मी कावळे हाकलत तिथंच उभा राहिलो, आणि माझ्या उभं राहण्यानं ती आणखीच लांब पळाली. काय करावं ते सुचेना. कुठल्या यंत्राचं कुठलं बटण दाबायचं, हे मला पाठ होतं. त्या पाखराचा जीव थाऱ्यावर आणायला काय दाबतात, ते कुठं ठाऊक होतं!

अशात मामा आले. घरी न जाता, ओवाळून न घेता, थेट रानात. डोक्यावर गुलाबी फेटा, तुरा वाऱ्यावर हलतोय, अंगावर शाल, आणि चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखं हसू. “भाच्या, बघ रं कसा दिसतो तुझा मामा! फोटू बी काढला...” आणि वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी पाच वर्तुळांकडं पाहिलं, कावळ्यांकडं पाहिलं, माझ्या चुन्यानं माखलेल्या हातांकडं पाहिलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती ओढून पाचव्या वर्तुळाची रेघ बुजवू लागले. मीही बसलो. मग त्यांनी माझं मनगट धरून मला बांधापलीकडं नेलं आणि पालथं झोपवलं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. तलावाकडून टिटवी आली. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणलेली. थेंब गळताना दिसत होते. ती थांबली, मान वर केली, दोन पावलं, पुन्हा थांबली. माझ्या मनगटावरची मामांची बोटं आवळत गेली. मग ती खळग्याशी आली, पिसं फुलवली आणि अंड्यांवर अलगद बसली. “भिजवायलीया,” मामा पुटपुटले. “वाचली ही.”

मग मामांनी उरलेली चारही वर्तुळं मातीआड केली. संध्याकाळी बाकीचे पाचजण गावात हार मिरवून रानात आले आणि टरफलांपाशी थबकले. “कडूबा, चार खळगे कसे गेले रं?” मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण मामा आधी बोलले: “माझ्यानं गेले. हार घालून घ्यायला गेलो रान उघडं टाकून. आता पुन्ना जायाचं नाय.” आणि मी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं. कारण तेव्हा ते सोयीचं होतं. एवढंच कारण.

त्यानंतर मामांना किती बोलावणी आली! तालुक्याची आली, जिल्ह्याची आली. मामा गेले नाहीत. लोक म्हणू लागले, काय हा निगर्वी माणूस, मानाची हाव म्हणून नाही! वर्षानुवर्षं मीही त्यात सूर मिसळला. पण मी त्यांना त्या फेट्यात पाहिलं होतं ना! त्यांना मान हवा होता. चारचौघांसारखा, मनापासून हवा होता. भाच्याला झाकण्यासाठी एक वाक्य बोलून गेले, आणि मग ते वाक्य खोटं पडू नये म्हणून जन्मभर घरी बसले. एवढं महाग पांघरूण कुणी कुणावर घालतं का हो?

मामा जाऊन दोन पावसाळे झाले. टिटवीवाल्यांत आता त्या पाचजणांची मुलं-सुना आहेत, शरीफचाचांचा नातूही आहे. आणि यंदा छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या सबंध गटाचा सत्कार आहे. मानपत्र लिहायला सांगितलं मला, आणि सत्कारमूर्तींच्या यादीत ज्येष्ठ सहकारी म्हणून माझंही नाव घातलं. मी सराईतपणे सुरुवात केली, ‘प्रसिद्धीपराङ्मुख कै. कडूबा...’ आणि लेखणी पुढं सरेना. तो शब्द खोडला. मग जे घडलं ते लिहिलं: चुना कुणाचा, चूक कुणाची, आणि ती कुणी आपल्या नावावर घेतली. यादीतलं माझं नाव काढायला कळवलं. मानपत्रात मात्र ते आहे, जिथं असायला हवं तिथंच.

छापायला देण्याआधी काल गावी जाऊन मामीला वाचून दाखवलं. ती गहू निवडत ऐकत होती. चार खळग्यांची हकिगत आली, तरीही तिनं सुपातून मान वर केली नाही. शेवटी एवढंच विचारलं, “फेटा लई आवडला व्हता त्यांला, ते लिवलं का?” म्हटलं, “लिहिलंय, मामी.” तिनं सूप बाजूला सरकवलं आणि पदर सावरून नीट बसली.

“मंग तेवढं फिरून वाच.”