गुलाबरावांचं पोतं आणि इंजिनाची नळी

आमच्या घरात माझ्या जन्माचं श्रेय देवाला देत नाहीत, इंजिनाच्या रबरी नळीला देतात.

माझे वडील गुलाबराव अनसिंगजवळ भाजीपाला पिकवायचे. म्हणजे वांगी, मेथी, मिरच्या आई लावायची, आईच खुडायची आणि टोपल्यात घालून डोक्यावरून बाजारात न्यायची; बाबा विहिरीवरचं पाण्याचं इंजिन चालू करून बांधावर बसायचे. एकाहत्तर साली, तीन लेकरं झाल्यावर, त्यांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. आमच्याकडचे ते पहिलेच. ऑपरेशन केलं की गड्याची ताकद जाते, असं लोक म्हणत. बाबांकडे जाण्यासारखी ताकद नव्हतीच, म्हणून ते घाबरले नसावेत.

आरोग्य केंद्राच्या धरमसिंगनं त्यांना बजावलं होतं की अजून तीन महिने जपायचं. "इंजन बंद केलं तरी पाइपातलं पानी थोडा वेळ येतच राह्यते, भाऊ," असं समजावून त्यानं निरोधची पाकिटं हातात दिली. इंजिनाचं नाव निघताच बाबांनी जोरात मान डोलावली. त्याच आठवड्यात विहिरीवरची नळी फुटली. बाबांनी एकेक करून सगळे निरोध त्या चिरांवर ताणले आणि वरून सुतळी आवळली. पाण्याचा थेंब गळेना. आपल्या डोक्यावर ते फार खूश झाले.

धरमसिंगही खूशच होता. ऑपरेशन केलेला धडधाकट माणूस दाखवायला म्हणून तो दर बाजाराला बाबांना उभं करायचा आणि बाबा सगळ्यांसमोर तुरीचं पोतं पाठीवर उचलायचे. त्यासाठी ते आठवडाभर घरी सराव करायचे. ज्यानं मेथीची जुडी कधी उचलली नाही, तो माणूस मिशीला तेल लावून पोतं उचलायला निघायचा. आई म्हणे, हेच आधी केलं असतं तर माझी मान वाचली असती.

आणि मग आईला दिवस गेले.

लोकांनी बोटांवर ऑपरेशनपासूनचे महिने मोजले. विहिरीवर आई आली की बायका गप्प व्हायच्या आणि ती वळली की खुसफुस सुरू व्हायची. बाबांचा सख्खा भाऊ पंजाबरावही आईकडे पाहीनासा झाला. बाबा तावातावानं धरमसिंगकडे गेले, तर त्यानं एवढंच विचारलं, "मी देल्ले ते पाकिटं कुठी हायत?"

बाबा तसेच घरी आले. आईला त्यांनी खरं सांगितलं आणि बाजारात चारचौघांत सांगायचं कबूलही केलं. पण बाजारात पोतं उचललं नि दातखिळी बसली. पुढच्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारीही तेच. लेकरांना इतकी माया लावणारा माणूस इतका भित्रा कसा असू शकतो, याचा मला आजही राग येतो.

चौथ्या बाजारी आई ती नळी खांद्यावर घेऊन गर्दीतून पुढे आली. बाबांनी नुकतंच पोतं पाठीवर घेतलं होतं. तिनं नळी त्यांच्या पायाशी टाकली.

"पोतं खाली ठेवू नका," ती म्हणाली. "आधी सांगा."

बाबांनी धरमसिंगकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता. पोतं पाठीवरून घसरायला लागलं, तेल लावलेली मिशी घामानं खाली आली. शेवटी ते बोलले.

"तीन महिने वापराले पाकिटं देल्ले होते. मी ते या नळीले बांधले. ऑपरेशन बराबर हाय. बाईचा काही दोष नाई, चूक माही हाय."

कोणीतरी वाकून सुतळी सोडली. आतलं रबर पाहून अख्खा बाजार पोट धरून हसला. विहिरीवरच्या बायका पुढेच उभ्या होत्या. त्या मात्र खाली पाहत होत्या. आई त्यांच्याकडे वळली.

"हसा आता," ती बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "पन याह्यले हसा."

बाबांनी पोतं उतरवलं. घरी जाताना आई रिकाम्या हातानं पुढे चालत होती आणि मागून बाबा, एका खांद्यावर नळी आणि डोक्यावर तिचं वांग्यांचं टोपलं घेऊन. पुढं मरेपर्यंत ते टोपलं त्यांनीच वाहिलं.