हत्तीच्या कुंडाचा पत्ता

लग्न होऊन मी नागपूरला आले, तेव्हा कोराडीचं वीजकेंद्र नवीन होतं आणि आमचे हे तिथे पाळीवर जायचे. पहाटेची बस धरायची, परत यायचं ते कॉलरवर राखेची बारीक पूड घेऊन. मग जेवण आणि झोप. महाल भागातल्या त्या तीन खोल्यांत दिवसभर आम्ही तिघंच असायचो: सासूबाई, मामंजी आणि मी. माझं माहेर साताऱ्याकडचं. वडील रेल्वेत होते, बदली होऊन वर्ध्याला आले आणि तिथे हे स्थळ सांगून आलं. त्यामुळे घरातली बोली मला पहिले काही महिने अर्धीच कळायची. "काहून बसली वं अशी?" असं सासूबाईंनी विचारलं की मला वाटायचं, रागावल्या. रागावलेल्या नसायच्या. त्यांचं बोलणंच तसं होतं.

मामंजी मौद्याकडच्या शेतकरी घरातले. शेती भावांवर सोपवून ते तरुणपणीच शहरात आले आणि पोस्टमन झाले. सगळी नोकरी महाल-इतवारीच्या गल्ल्यांत गेली. मी आले त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले होते, पण चालायची सवय सुटली नव्हती. सकाळचा चहा झाला की चपला घालून दारात उभे. एकदा हिवाळ्यात, मी ओसरीवर तूर निवडत बसले होते, तर म्हणाले, "चाल वं पोरी. घरात बसून बसून आंबून जाशील. तुले गाव दाखवतो."

सून सासऱ्याबरोबर गाव पाहायला निघाली, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "जाय ना. येतानी मेथी आणजो."

मला वाटलं होतं, सीताबर्डीचा किल्ला दाखवतील, निदान अंबाझरीचा तलाव तरी. मामंजी मला घेऊन गेले ते कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी. रोज मी तिच्यासमोरून भाजीला जात असे. "हात लाव," ते म्हणाले. "डोळ्यानं नाई दिसत. बोटानं पाह्य." लाल रंगाचे थरावर थर चढलेले होते. त्यांच्याखाली बोटांना काहीतरी उंचसखल लागलं. मी चाचपत राहिले आणि एकदम लक्षात आलं, तो मुकुट होता. इंग्रजांच्या राजाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याच पेटीवर नुसता रंग देत आले होते. भर रस्त्यात मी पत्रपेटी कुरवाळत उभी होते आणि समोरचा पानवाला आमच्याकडे बघत होता. मामंजींना त्याचं काही नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन सकाळी आम्ही निघायचो. ते पुढे, मी दोन पावलं मागे, डोक्यावर पदर आणि हातात भाजीची पिशवी. एका सायकलच्या दुकानाच्या भिंतीत घोडे बांधायची लोखंडी कडी होती. दुकानदार तिच्यात ट्यूब अडकवायचा. जुम्मा दरवाज्याच्या आसपास एका ओट्याचा दगड कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झिजला होता. बैलगाड्यांचे आस घासून घासून तो झिजला, असं मामंजी म्हणाले. खरं-खोटं मी आजही सांगू शकणार नाही. पण दगड झिजलेला होता, हे खरं.

ते हे सगळं कुठे शिकले, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पत्त्यांवरून." गाव सोडून गेलेले लोक पत्र लिहिताना त्यांच्या आठवणीतलं गाव लिहायचे. तोफखान्यामागे. हत्तीखान्यासमोर. मोठ्या चिंचेजवळ. तोफा गेल्या, हत्ती गेले, चिंच तर कधीच कापली. पत्त्यांत मात्र ती तशीच. नवे पोस्टमन अशी पत्रं परत पाठवायचे. मामंजी म्हाताऱ्यांना विचारत विचारत जागा शोधून काढायचे आणि पत्र द्यायचे.

"सगळी दिली?" मी विचारलं.

ते म्हणाले, "एक नाई देता आलं."

दिवाळीच्या आठ दिवस आधी एक कार्ड यायचं, एका बाईच्या नावाचं. पत्ता एवढाच: हत्तीच्या कुंडाजवळ, महाल, नागपूर. तीन दिवाळ्या ते आलं. मामंजींनी हत्तीखाना म्हणत तो सगळा भाग पालथा घातला, शुक्रवारी तलावाच्या काठापर्यंत विचारून आले. कुंड कुणालाच माहीत नाही. तिन्ही वेळा कार्ड परत गेलं. चौथ्या दिवाळीला आलंच नाही. "भावाचं होतं," ते म्हणाले. "कार्ड उघडंच असते. भाऊबीजेले ये, मनून लिवलं होतं."

त्यानंतर आमच्या फिरण्याला एक काम मिळालं. आम्ही कुंड शोधू लागलो. मामंजी त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्यांना पुन्हा विचारत. एकानं ठामपणे सांगितलं, ते नाग नदीत वाहून गेलं. दुसरा म्हणाला, त्यावर शाळा बांधली. एका शिंप्याच्या दुकानात तर दोघे म्हातारे या गोष्टीवरून भांडले आणि आम्ही हळूच तिथून निघालो. संक्रांत झाली, होळी जवळ आली, उन्हं तापू लागली. मामंजी म्हणायला लागले, "आता नसनच पोरी थे."

मग एका सकाळी आम्ही परत आलो, तर सासूबाई अंगणात वड्या घालत होत्या. मी पिशवी ठेवली आणि सहज म्हणाले, "आई, आजही हत्तीचं कुंड सापडलं नाही."

"कोनतं कुंड?"

"हत्तीचं."

त्यांनी हात थांबवला. "कान तुटलेला हत्ती हाये, थे?"

मामंजी चपला काढत होते, तसेच एका पायावर उभे राहिले. "तुले कसं मालूम?"

"मले कसं मालूम!" सासूबाईंनी हात पुसले. "तुमचाच पोरगा झाला तेव्हा विहीर पूजाले गेली होती ना मी. पान्याची आसरामाय हाये तिथं. आमी बाया जातो सगळ्या."

"अन् तू मले सांगितलं नाई कधी?"

"तुमी मले कधी इचारलं?"

गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना मामंजींनी विचारलं होतं. कार्डाची गोष्टही माझ्याजवळ बोलले, पण बायकोजवळ नाही. नोकरीतलं घरी बोलायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

सासूबाईंनी वड्यांवर फडकं टाकलं, लुगडं नीट केलं आणि निघाल्या. त्या दिवशी पुढे त्या होत्या, मागे आम्ही दोघं. आमच्या घरापासून चौथी गल्ली. मामंजींनी तिथे हजारदा पत्रं टाकली असतील. एका निळ्या दारापाशी सासूबाई थांबल्या, कडी वाजवली आणि आतल्या बाईला म्हणाल्या, "आसराले जातो वं." बाई बाजूला झाली. आम्ही तिच्या बैठकीतून, मग चक्क स्वयंपाकघरातून, उकळत्या वरणाच्या शेजारून मागच्या दारी गेलो. मामंजी अंग चोरून चालत होते. पोस्टमन उंबरठ्यापर्यंतच जातो. परक्याच्या स्वयंपाकघरात ते आयुष्यात पहिल्यांदा शिरले असतील.

मागे चार-पाच घरांच्या पाठी एकमेकींना लागून एक चौक झाला होता. मधोमध काळ्या दगडाचं कुंड, आमच्या दोन खोल्यांएवढं. एका बाजूनं उतार होता, जनावराला उतरता येईल असा. काठावर एक दगडी हत्ती, गुडघ्याएवढा, एक कान गेलेला, सोंडेला हळदीकुंकू. पाणी हिरवं पण जिवंत होतं, आणि कडेच्या सात शेंदरी दगडांपुढे कुणीतरी त्याच सकाळी फुलं ठेवली होती. उतारावर दोन बाया कपडे धूत होत्या. पुरुषमाणूस पाहून त्यांनी पदर सावरला.

मामंजी उतारावरून हळूहळू खाली गेले आणि पाण्यात हात बुडवला.

कपडे धुणाऱ्या बायांतल्या थोरलीला मी कार्डावरच्या बाईचं नाव सांगून विचारलं. ती लगेच म्हणाली, "हो ना, ह्या सामनेच्या घरात राहे. लेकीकडं गेली आता, कामठीले. चार वर्सं झाली."

मामंजी वर आले. त्यांनी त्या बाईला तीन कार्डांची हकीगत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "थे कार्डं मीच वापस पाठवली बाई. मले जागाच नाई सापडली."

ती बाई हसायला लागली. "तुमीच का थे? अवो, तिचा भाऊ आला होता ना इथं! कार्डं वापस आली, तर त्याले वाटलं बहीण मेली का काय. रडत रडत आला बालाघाटाकडून. पाहाते तर ही पोळ्या करून राहिली. चार दिवस राह्यला, तिले घेऊन गेला. मग दर दिवाळीले सोताच ये न्यायले." आणि ओला हात तोंडावर ठेवून म्हणाली, "डाकवाल्याले मातर लय शिव्या देल्ल्या त्यानं."

मामंजी हसले. डोळे पुसत हसले. सासूबाई म्हणाल्या, "बरोबरच देल्ल्या."

निळ्या दाराच्या बाईनं परत जाताना आम्हाला चहा पाजला. मामंजी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बशीतून चहा प्याले आणि तिला विचारून घेतलं की आणखी कुठली जागा अशी आहे जी बायांनाच माहीत आहे. तिनं बोटांवर मोजत पाच सांगितल्या. सासूबाईंनी त्यातल्या दोन चुकीच्या ठरवल्या आणि तीन नव्या सांगितल्या.

पुढचे दोन हिवाळे आम्ही तिघंही फिरायचो. आता दारं सासूबाई वाजवायच्या. भाजी मामंजी आणायचे.

पुढे मला मुलगा झाला. तो तीन-चार वर्षांचा असताना ह्यांना कोराडीच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि त्याला घेऊन आम्ही तिकडे गेलो. सगळं कोरं होतं. सरळ रस्ते, एकसारख्या भिंती, नंबर घातलेली दारं आणि सकाळी उठलं की तुळशीच्या पानांवर राख. पहिला महिना मला फार उदास गेला. मग एक दिवस दूध घालायला येणाऱ्या बाईला मी विचारलं, "इथं आधी काय होतं वं?"

तिनं दुधाची किटली खाली ठेवली. असं तिला कॉलनीतल्या कुणी विचारलेलं नसावं. आमच्या ओळीतली सहा क्वार्टरं तिच्या दिराच्या तुरीच्या शेतात उभी होती. मोरीमागचं बोराचं झाड बांधावरचं होतं, तिच्या सासूनं लावलेलं. ती मला मागे घेऊन गेली आणि झाडावर हात ठेवून बांध कुठून कुठे जायचा ते दाखवत राहिली, तोपर्यंत पुढच्या तीन घरांचं दूध राहून गेलं. त्या वर्षी बोरं पिकली, तेव्हा पहिली टोपली मी आणि मुलानं मिळून तिच्या घरी पोचवली.