चमचा थांबतो तिथं बासरी नको

मंडळी, आज भोरला आमच्या रेडिओ नाटकाच्या रेकॉर्डिंगला भांडून आले.

नाटकातला प्रसंग माझाच आहे. वेल्ह्यात नोकरी लागली तेव्हा भाड्याने खोली बघायला गेले होते. मालकीणबाई आत चहा ढवळत होत्या, चमच्याची किणकिण चालू. आतूनच विचारलं, "आडनाव काय गं तुजं?" मी सांगितलं. चमचा थांबला. मग म्हणाल्या, खोली कालच गेली.

त्या थांबलेल्या चमच्यानंतर दिग्दर्शकांनी करुण बासरी टाकली! म्हणे, "एवढी शांतता ठेवली तर लोकांना वाटेल रेडिओ बंद पडला."

मी म्हटलं, "बासरी काढा, नाहीतर माझं नाटक परत द्या. बासरी वाजली की लोक मला बिचारी म्हणून मोकळे होतील."

नाटकात मालकिणीची भूमिका करणाऱ्या कामथडीच्या आक्का हातात कप-चमचा धरून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, ऱ्हाऊ द्या तसंच. आमच्याबी घरात आसाच थांबतो."

बासरी गेली. आठ सेकंद शांतता राहिली.

ऐकताना लांबलचक वाटली तर वाटू दे. मी ती दारात उभी राहून ऐकलीय. आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात चमचा कुणाच्या आडनावाला थांबतो?