खाडीपुलाचा चढ

"काका, ही सायकल देऊन टाका मला. बोंबील सुकत घालते हिच्यावर. निदान कामाला तरी येईल."

मंगला ओट्यासमोरून जाताना रोज काहीतरी बोलायचीच. शेजारीण, तोंडाची फटकळ, पण ताजी मासळी आली की पहिली वाटी इथेच आणून द्यायची. एरवी आत्मारामकाकांनी तिला तिथल्या तिथे परतवलं असतं. "तुझ्या बोंबलांनी माझी चेन गंजंल," असं काहीतरी. आज त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

मंगलाच ओशाळली. टोपली कमरेवर सावरत ती आत मोनालीजवळ गेली. "बाय, शिवी पन नाय देत गो आता. हे काय बरं लक्षण नाय."

मोनालीला ते दिसत नव्हतं असं थोडंच होतं? वडील तिचे होते.

नवापुरात आत्माराम तामोरे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी सायकल यायची, मग माणूस. बाप आणि भाऊ मासेमारीला जायचे, याला मात्र बोट लागायची. पहिल्याच फेरीत पोटातलं सगळं समुद्राला वाहून तो परत आला आणि बोईसरच्या एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात चिकटला. रिटायर होईपर्यंत तिथेच, आणि जाणं-येणं सायकलवरच. लग्न झालं तशी जयवंतीही शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. मग मागे कॅरिअरवर ती, पुढे हॅण्डलला दोन डबे.

वाटेत खाडीवरचा पूल. पुलाला चढ चांगला दमवणारा. पायथ्याशी जयवंती उतरायची, काकाही उतरायचे. दोघं सायकल ढकलत वर जायचे. माथ्यावर काका म्हणायचे, "बस." ती बसली की उतारावर सायकल वाऱ्यासारखी.

जयवंती काविळीने गेली तेव्हा मोनाली शाळेत होती. कॅरिअर रिकामं झालं. पण काका चढावर उतरतच राहिले. मागे ओझं नाही, पोटऱ्या दगडासारख्या, तरी पायथ्याशी सायकल थांबवायची, खाली उतरायचं आणि चालत वर जायचं. मागून येणारी पोरं पेडलवर उभी राहून ओरडायची, "काका, दम संपला काय?"

"तुमचा संपंल तवा हाक मारा. उचलायला येतो."

रिटायर झाल्यावरही हे चुकलं नाही. सकाळी उठून बोईसरपर्यंत जायचं, एक चहा प्यायचा, परत यायचं. काम काही नाही. मोनाली म्हणायची, "चहा काय घरी मिळत नाही?" यावर काका पँटच्या पायाला चिमटा लावायचे आणि निघायचे.

गेल्या गणपतीनंतर अर्धांगाचा झटका आला. सौम्यच म्हणायचा. बोलणं परत आलं, डावा पाय ओढत का होईना परत आला. डाव्या हातात पकड मात्र आली नाही. हात आपला खांद्याला लटकलेला, वजनदार. डॉक्टर म्हणाले, पाय हलते ठेवा, पण रस्त्यावरची सायकल बंद. मोनालीने त्यांना व्यायामाच्या सेंटरमध्ये नेलं. तिथे जागेवर फिरवायची सायकल होती. काका थोडं फिरवून उतरले ते पुन्हा बसलेच नाहीत.

"का उतरलात, बाबा?"

"समोर भिंत हाय, बाय. भिंतीकडं काय जायचं?"

आणि घरी येऊन ते घरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. दिवसच्या दिवस.

बोईसरमध्ये एक नवं दुकान झालं होतं, व्यायामाच्या यंत्रांचं. मोनाली तिथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, येता-जाता काचेतून बघायची. एक दिवस आत शिरली. तिथे एक सायकल होती. जागेवरचीच, पण डोळ्यांवर मोठा गॉगल चढवला की समोर रस्ता. मान वळवाल तिकडे झाडं, घरं, नदी. भिंत कुठे नाहीच.

पुढच्या रविवारी ती वडिलांना रिक्षाने घेऊन गेली.

दुकानातला दर्पण बोलायला गोड. "या अंकल! बोला, कुठे जायचं? स्वित्झर्लंड, मनाली, गोवा?"

"नवापूर."

"नवापूर नाय यात, अंकल."

"मग गोव्याला कशाला? माझं कोण हाय तिथं?"

दर्पण हसला. मोनालीच्या मनात आलं, चला, एक टोमणा तरी निघाला. दोघांनी धरून काकांना सीटवर बसवलं. डावा हात उचलून हॅण्डलवर ठेवला. गॉगल चढवला. समोरचा पंखा सुरू केला.

काकांनी एक पेडल मारलं. मग दुसरं. पाठ आपोआप सरळ झाली. मोनाली बघत राहिली. इतक्या महिन्यांत ती पाठ तिने सरळ पाहिली नव्हती.

"काय दिसतं, बाबा?"

"रस्ता हाय. चांगला हाय गो. खड्डा नाय एक पन." मग एकदम, "घंटी कुठंय? अरे घंटी! बाई मधे आली!"

"घंटी नाय लागत, अंकल. जा आरपार, ती खोटी आहे."

"खोटी झाली म्हनून अंगावर घालू काय?" आणि काका तोंडानेच ओरडले, "ए बाय, बाजूला हो!"

मोनाली खळखळून हसली. गॉगलखाली काकांचं तोंडही हसत होतं. तिने दर्पणकडे बघून मान हलवली. घेऊ या. झालं, ठरलं.

दर्पणला हुरूप आला. "थांबा ना ताई, खरी मजा तर पुढे आहे. आता चढ येणार. पेडल आपोआप जड होणार, अगदी खऱ्यासारखं."

पेडल जड झालं. काकांचे पाय मंदावले. दर्पण ओरडला, "मारा अंकल, जोर मारा!"

काका थांबले. त्यांनी मान वळवून मागे बघितलं, खांद्यावरून, जरा खाली. कुणीतरी नीट उतरलं की नाही ते बघतात तसं. आणि मग स्वतः उतरले.

गॉगल डोळ्यांवर, डावा पाय अडलेला. ते आडवेच झाले असते. दर्पणने कमरेला मिठी मारून धरलं, तरी गुडघा फरशीवर आपटलाच.

"काय अंकल! चढाला कोण उतरतं? मरवाल मला!"

काकांनी गॉगल काढला. समोर दुकान होतं. पंखा चालू होता.

दुकानाबाहेरच्या बाकावर मोनालीने त्यांना पाणी दिलं. तिचा आवाज चढला. "असं कसं उतरलात? काही झालं असतं म्हणजे?"

"चढ आला."

"यंत्रातला होता तो! मागे काय बघत होता?"

काका गुडघा चोळायला लागले. "तुझी आई आधी उतरायची ना. मग मी."

मोनाली त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"घरात आई-बाबा, तुझे दोन काका, मधे नुसता पडदा. शिफ्टवरून आलं की ती चुलीपाशी, मी बाहेर. बोलायचं कवा? त्या चढावर. तेवढंच आमचं. माथ्यावर आलो की बस म्हनायचं. मग वाऱ्यात काय ऐकू येत नाय."

"काय बोलायचात?"

"काय बोलनार? सुपरवायझर कसा खेकसतो. आईला भाकर करपलेली कशी कळली. तुझं नाव काय ठेवायचं ते. त्याच्यावरनं दोन दिवस भांडलो, चढावरच."

"आणि ती गेल्यावर?"

"सांगत होतो की रोज. कोन काय म्हनलं. तुझं लग्न मोडलं ते पन सांगितलं. लय रडलो त्या दिवशी, ट्रकवाला थांबून विचारायला लागला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "झटका आला तो तिला अजून म्हायत नाय. गणपतीपासून गेलोच नाय मी. ती म्हनंल, हा कुठं गेला?"

दर्पण दाराशी आला होता. त्याने बिचाऱ्याने आपल्या परीने सुचवलं, "ताई, दुसरा रूट टाकून देतो. एकदम सपाट. चढच नाय."

काकांनी मोनालीकडे बघितलं. तुला पाहिजे तर घे, असं ते बघणं होतं. भिंतीकडे बघायचे तसंच.

"नको," मोनाली म्हणाली. "आज नको."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सायकल ओट्यावरून उतरवली, पंप मारून हवा भरली. मंगला दोऱ्यांवर बोंबील लावत होती. "अगो, कुठं निघाली वरात?"

"फिरायला."

मंगला हात थांबवून बघत राहिली.

रिक्षाच्या मागे सायकल बांधून दोघं पुलाच्या पायथ्याशी उतरले. काठी हॅण्डलला अडकवली. काका सायकलच्या डाव्या अंगाला, उजवा हात सीटवर. मोनाली पलीकडून हॅण्डल धरून. तिने तोंड खाडीकडे फिरवलं आणि चालायला लागली.

थोडं वर गेल्यावर काका बोलायला लागले. हळू, घरातल्या घरात बोलावं तसं. ट्रक जात होते, खालून भरतीचा वारा येत होता. मोनालीला तुकडे ऐकू आले. डावा हात. मंगलाचे बोंबील. गोव्याचं ऐकून तिला स्वतःला हसू आलं. मग तिचं नाव आलं, आणि पुढचं वाऱ्यात गेलं. तिने कान दिला नाही. ते तिच्यासाठी नव्हतं.

दहादा थांबत ते माथ्यावर पोचले. काका गप्प झाले. त्यांचा पाय सवयीने पेडलकडे गेला, मग जमिनीवर परत आला. समोर उतार पसरला होता.

"हा कधी पायी नाय उतरलो," ते म्हणाले. "लांब हाय की गो."

"मागे फिरू या का?"

"नको." त्यांनी कॅरिअरकडे बघितलं. "उतारावर ती बोलायची नाय. मागं हाय ते नुसतं वजनानं कळायचं."

मग म्हणाले, "बाय, तू या अंगाला ये."

दोघांनी बाजू बदलल्या. काठी त्यांनी उजव्या हातात घ्यायच्या आधी त्याच हाताने डावा हात मनगटाला धरून उचलला आणि कॅरिअरवर ठेवला. बोटं मिटली नाहीत. हात नुसता पडून राहिला.

मोनालीने हॅण्डल धरलं. सायकल मागच्या बाजूला जड झाली होती.

"हळू घे," काका म्हणाले.

दोन्ही ब्रेक अर्धे दाबून ती उतार उतरायला लागली.