फवारणीचा वारा

पंप धुताना तणनाशकाचा वास आला की नाल्याकाठची करंजाची रोपं आठवतात. स्वतःच्या वावराचा काठ खचू नये म्हणून तांड्यावरच्या एका बाईनं ती लावली होती, घागरीनं पाणी घालून जगवली होती. मी नाल्यापलीकडच्या माझ्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतावर, तणनाशक फवारत होतो. वारा तिच्या रोपांकडे वाहतो आहे हे कळूनही थांबलो नाही. आठवड्यात सगळी वाळली. तिनं विचारलं, "माह्या हातालेच गुण नाही का, भाऊ?" मी म्हणालो, "उनानं जळले असतीन." तिनं पुन्हा रोप लावलं नाही. यंदाच्या पुरात तिचा काठ खचला, तेव्हा जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, "इतके वर्स मी हाताले दोष देल्ला. आता खड्डे तू खंद." सकाळपासून खणतो आहे, तिनं अजून रोप आणलेलं नाही.