मधली शांतता काढा

वाजत होतं. सगळं अगदी नीट वाजत होतं, आणि म्हणूनच मास्तरांचा जीव खालीवर होत होता.

पहिली धून संपली. तिच्या शेपटीला धरून दुसरी आली, दुसरीच्या टाचेवर पाय देत तिसरी. मध्ये श्वासाएवढीही फट नाही. मास्तरांनी कानातली बोंडं काढली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली आणि सुरुवातीपासून लावलं. व्हायोलिन होतं. फक्त व्हायोलिन. ‘हं’ कुठंच नव्हतं.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं कोट शिवले, म्हणून मास्तर. शिकवायची ती त्यांची बायको. आतल्या खोलीत तिचे व्हायोलिनचे वर्ग, बाहेरच्या खोलीत मास्तरांचं कापायचं टेबल, आणि मध्ये एक दार, जे फुगल्यामुळे कधी पूर्ण लागायचं नाही. विद्यार्थ्यांना घरी सराव करता यावा म्हणून तिनं बारा सीडी भरल्या होत्या. प्रत्येकीवर तिच्या तिरप्या अक्षरात ‘पाठ १’, ‘पाठ २’ असं लिहिलेलं. वाजवण्याआधी ती एकच शब्द बोलायची: हं. मुलांना वाटायचं, हाही धुनेचाच भाग. एका परीक्षेत चौदा मुलं रांगेत उभी राहून एकदम ‘हं’ म्हणाली आणि परीक्षकांच्या हातातला पेन पडला. तेव्हापासून तिचं नाव हंबाई.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. घरात दोघांचं बोलणं तसं बेताचंच असायचं. ती पाठमोरी बसून वाजवायची, हे मान खाली घालून कापायचे. मास्तरांना कधीकधी वाटायचं, आपण उद्या उठून गेलो तर हिला जेवायच्या वेळीच कळेल. आता ती गेली होती, आणि मास्तरांना दिवसातून चाळीस वेळा कळत होतं.

सीडी वाजवायचा डबा पावसाळ्यात बंद पडला. तेव्हा लेकीनं तिचा जुना लॅपटॉप आणि खिशात मावणारा एक प्लेअर पाठवून दिला.

“सगळ्या सीडींच्या फाइली करून टाका, बाबा. सोपं आहे. भाषा मराठी करून दिलीय.”

सोपं होतं, असं मास्तरांनाही दोन दिवस वाटलं. फाइली झाल्या, पण प्लेअर त्यांना ओळखच दाखवेना.

“कोडेक चुकलाय,” लेक फोनवर म्हणाली.

“कोडं एक?”

“कोडेक हो! को-डे-क.”

“अगं, इथं बारा कोडी पडलीत आणि तू एकच म्हणतेस.”

ती हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून मास्तरांनी तो विनोद नंतर आणखी दोनदा केला. दुसऱ्या वेळी ती नुसतं “हो बाबा” म्हणाली.

“असं बघा. कोट घडी घालून पेटीत ठेवता ना? कोडेक म्हणजे ती घडी. जशी घातली तशी उलगडता आली पाहिजे. तुमच्या प्लेअरला ही घडी उलगडता येत नाही. यादीतली दुसरी निवडा.”

मास्तरांनी दुसरी निवडली. खाली आणखी चौकटी होत्या, त्याही एकेक वाचून, जिथं योग्य वाटलं तिथं खूण केली. बाराही सीडी पुन्हा चालवल्या. या वेळी प्लेअर वाजला. मास्तरांनी प्रत्येक पाठाचे चार-चार सूर ऐकले, ‘वाजतंय’ म्हणून कागदावर बरोबरच्या खुणा केल्या आणि सुटलो म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या काकू त्याच दिवशी खाली डोकावल्या. “रिकाम्या झाल्या का तबकड्या? मग गॅलरीत टांगा की! चकाकलं की कबुतरं फिरकत नाहीत. माझ्याकडे बघा, एक पीस दिसायचं नाही.”

मास्तरांनी कोटाच्या बटणांचा जाड दोरा घेतला आणि सीडी टांगल्या. अकरा. बारावी लॅपटॉपच्या पोटातच राहिली होती, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

सहा आठवड्यांनी, एका रिकाम्या दुपारी, ते पहिल्यांदा सगळं ऐकायला बसले होते. आणि ‘हं’ नव्हतं.

“काहीतरी कापलं गेलंय,” त्यांनी लेकीला सांगितलं.

“असेल. फाइल लहान करायची म्हणजे कोडेक काहीतरी टाकणारच. जे कुणाला फारसं ऐकू येणार नाही, ते आधी टाकतो.”

“म्हणजे माया कापतो.”

“काय?”

“शिवणीच्या आत जादा कापड सोडतो ना आम्ही. बाहेरून दिसत नाही. माणूस पुढं जाड झाला की उसवून तेवढं देता येतं. त्याला माया म्हणतात.”

“हां, तेच. मग न कापणारा कोडेक निवडा. फाइल मोठी होईल.”

“होऊ दे.”

लॅपटॉपच्या पोटातून बारावी निघाली. पाठ ९. तिच्या कडेला जांभळट डाग धरले होते. मास्तरांनी न कापणारा कोडेक निवडला. सीडी आत घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. फाइल दहापट मोठी झाली. व्हायोलिन इतकं स्वच्छ आलं की तारेवर गजाचा केस न् केस जाणवावा. ‘हं’ नाही. दुसरा कोडेक. नाही. तिसऱ्या वेळी शेवटच्या धुनेत सीडी अडखळली.

“बाबा, एक विचारू?” लेक सावकाश म्हणाली. “आई खरंच प्रत्येक वेळी म्हणायची का? म्हणजे… तुम्हाला वाटत असेल. आपल्याला वाटतं ना असं.”

“चौदा मुलं म्हणाली होती, रांगेत.”

“ते मी ऐकलंय तुमच्याकडून. मी तेव्हा होस्टेलवर होते.”

फोन ठेवल्यावर मास्तरांनी स्वतःशीच ‘हं’ म्हणून बघितलं. ते त्यांच्याच आवाजात आलं. आता तिच्या आवाजात ते डोक्यातही नीट वाजेना, आणि त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. आपल्याखेरीज हे कुणाला आठवत नाही, आणि आपल्यालाही आठवेनासं झालं, तर मग ती ‘हं’ म्हणाली होती असं राहिलंच कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅपटॉप धुतल्या कापडात गुंडाळून दुरुस्तीवालीकडे गेले. जिन्याखालचं दुकान, एका वेळी एकच गिऱ्हाईक मावेल एवढं. बाईच्या कपाळावर भिंग, तोंडात स्क्रू.

“काय झालं, काका? पडला? पाणी सांडलं?”

“काही नाही झालं. उत्तम चालतो.”

“मग माझ्याकडे का आणलात, दाखवायला?” तिनं स्क्रू तोंडातून काढला. “बसा. त्या खोक्यावर नको, त्यात प्रिंटर आहे. हां, तिथं. बोला.”

मास्तर बोलले. कोडेक, माया, हं, सगळं. ती ऐकता ऐकता लॅपटॉपमध्ये खाली खाली जात राहिली आणि एका जागी थांबली.

“ही खूण कुणी केली?”

मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं. “‘मधली शांतता काढा.’ मीच केली.”

“का?”

“मला मधली शांतताही हवी होती. तिच्यातच तर ती बोलायची.”

“हवी होती, तर मग काढा कशाला म्हणालात?”

“बाई, फोटो काढा म्हणतो, तेव्हा फोटो जातो का?”

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

“बँकेतून पैसे काढले, तर ते हातात येतात की नाही?” मास्तरांचा आवाज चढला. “मला वाटलं, धुना काढतोय तशी शांतताही काढून देईल. बाहेर. फाइलीत.”

“अहो काका, ही डाग काढतात तशी काढली त्यानं.” ती हसायला लागली, आणि त्यांच्याकडे बघून मध्येच थांबली. “जे जे हळू, ते ते टाकलं. कोडेक बदलून काय होणार? कापड आधीच कापलेलं, तुम्ही घड्या बदलत बसलात. बाकीच्या सीडी कुठायत?”

मास्तर दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिले. “गॅलरीत. कबुतरांसाठी.”

दुरुस्तीवालीनं भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं.

“उन्हात? सहा आठवडे?” मग ती म्हणाली, “बरं. ही एक तरी सावलीतली आहे. हिला परत परत पळवू नका. एकदाच वाचू, सगळ्यात सावकाश.”

तिनं खूण पुसली. न कापणारा कोडेक ठेवला. सीडी घासून लखलखीत करावी तसं नाही, तर मधून कडेकडे, हलक्या हातानं, कापडानं टिपून घेतली. मास्तरांना ते हात पटले. मग दोघं बसून राहिली. एक गिऱ्हाईक फोन घेऊन आलं, तिनं बोटानंच ‘नंतर’ सांगितलं. सीडी घरघरली, दोन वेळा मागं गेली, पुन्हा पुढं सरकली. चाळीस मिनिटं.

“घ्या.” तिनं मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले, टोपी घालावी तसे.

पहिली धून. ती संपली. मग काही नाही. खुर्चीची एक कुरकुर. आणि मग, लांबून, दाराच्या फटीतून आल्यासारखं: कर्र… कर्र… कच्च.

मास्तरांनी डोळे बारीक केले. ही कात्री. ही आपली मोठी कात्री, टेबलावर जाड कापडातून जाणारी. रेकॉर्डिंगमध्ये आपण?

कात्री थांबली. क्षणभर काही नाही.

“हं.”

आणि व्हायोलिन सुरू झालं.

दुसरी धून संपली. कुरकुर. कर्र, कर्र, कर्र. लांब कापड असावं, बहुधा पाठीचा भाग. ती थांबलेली. कापड संपेपर्यंत थांबलेली. कच्च.

“हं.”

मास्तरांनी त्या सीडीवरच्या नऊही धुना ऐकल्या. एकदाही तिनं कात्रीवर गज टाकला नव्हता. एकदाही “अहो, जरा थांबता का” म्हणाली नव्हती. पाठमोरी बसून ती यांच्या हाताकडे कान लावून होती, आणि हात थांबल्यावर म्हणत होती, ‘हं’. ते मुलांसाठी नव्हतंच, की मुलांसाठीही होतं, हे आता विचारायचं कुणाला?

“मिळालं का?” दुरुस्तीवालीनं खुणेनं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. तिनं पाठ फिरवून स्क्रू शोधायचं निमित्त केलं. बराच वेळ शोधत राहिली.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. फोन लॅपटॉपजवळ धरला, आवाज पूर्ण वाढवून.

“ऐक. आता येईल. आलं! ऐकलंस?”

“व्हायोलिन ऐकू आलं, बाबा.”

“त्याच्या आधी.”

“त्याच्या आधी काहीच नाही. एकदम गप्प. फोन कट झाला असं वाटलं मला.”

मास्तरांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. फोनच्या आतही कुणीतरी तीच खूण करून ठेवली असावी.

“पाठवून द्या ना फाइल,” ती म्हणाली.

“देतो. पण तू ये. इथं बसून ऐक, दाराशी.”

“बघते, बाबा. या महिन्यात जरा…”

“बघ.”

ते गॅलरीत गेले. अकरा सीडी वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. कुठल्या वाचता येतील, कुठल्या नाही, दुरुस्तीवालीलाही सांगता आलं नव्हतं. ‘सगळ्या घेऊन या’ एवढंच म्हणाली होती. कठड्यावर एक कबूतर निवांत बसलं होतं.

मास्तरांनी आतून मोठी कात्री आणली. पाठ १ चा दोरा पात्यांत धरला. कच्च. सीडी तळहातावर घेतली, उन्हानं ती कोमट झाली होती. मऊ कापडात ठेवली.

आणि कात्री तशीच हवेत धरून ते थोडा वेळ थांबले.

मग पाठ २ चा दोरा धरला.